घर, इमारत आणि जागेच्या फोटोंसाठी कॅमेरा ड्रोन कसा निवडावा

विक्रीला काढलेल्या घराचे ड्रोनने घेतलेले फोटो बहुतेक वेळा ५ ते ३० मीटर उंचीवरचे असतात. झाडांच्या शेंड्यांच्या थोडं वर, भिंतीपासून वीस-पंचवीस मीटरवर ड्रोन जवळजवळ एका जागी थांबलेला असतो. आजूबाजूला तारा, फांद्या, अँटेना. समोर उन्हात तळपणारी पांढरी भिंत आणि तिला लागूनच काळोखी पोर्च. हे काम कमी उंचीवर, जवळून, हळू आणि अवघड उजेडात करायचं असतं. १० किलोमीटरची रेंज, ताशी ७० किलोमीटरचा वेग, ८के व्हिडिओ यांपैकी काहीही इथे कामाला येत नाही, कारण ड्रोन कायम डोळ्यांसमोर ठेवून उडवायचा असतो. जाहिरातीत मात्र हेच आकडे सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. म्हणून आधी कोणते फोटो द्यायचे आहेत ते ठरवावं आणि त्यावरून यंत्राकडे यावं.

आधी कायदा, मग मॉडेल

दोन गोष्टी खरेदीआधीच तपासाव्यात. पहिली, तुमच्या देशात तो ड्रोन आयात करून कायदेशीर नोंदवता येतो का. काही ठिकाणी आयातीवरच बंधनं आहेत, आणि नोंदणी न होणारा ड्रोन कामासाठी निरुपयोगी असतो. दुसरी, वजनाचा गट. अनेक देशांत २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला नियम सैल आहेत, त्यामुळे कंपन्या २४९ ग्रॅमचे ड्रोन काढतात. पण ही सवलत बऱ्याच ठिकाणी हौशी वापरापुरती असते. पैसे घेऊन काम करायचं म्हटलं की परवाना, नोंदणी किंवा विमा लागू शकतो, मग ड्रोन कितीही हलका असो. 'छोटा आहे, काही लागत नाही' हे विक्रेत्याचं वाक्य प्रमाण मानू नये. विमान वाहतूक प्राधिकरणाचं संकेतस्थळ स्वतः वाचावं.

२४९ ग्रॅम हे वजन मूळ बॅटरी आणि मूळ पंखे धरून असतं. त्यावर एनडी फिल्टर (लेन्सवर बसवायची, उजेड कमी करणारी काळसर काच), प्रॉपेलर गार्ड किंवा मोठी 'प्लस' बॅटरी चढवली की ड्रोन वरच्या गटात जातो. हलक्या गटाच्या सवलतीवर अवलंबून असाल तर उडायला तयार असलेला पूर्ण ड्रोन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून पाहा.

सेन्सर: इथे हात आखडू नये

इमारतीच्या फोटोत उजेडाचा फरक प्रचंड असतो. आकाश उघडं, अर्धी भिंत उन्हात, गच्चीखालचा भाग सावलीत. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप, लहान असेल तर आकाश पांढरं फटक पडतं, आणि ते वाचवायला एक्स्पोजर कमी केलं तर सावलीतला भाग उजळताना दाणेदार होतो. खरेदीचे बहुतेक पैसे या एका अडचणीवर खर्च करावेत.

प्रचलित आकार चार. १/२.३ इंची सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मिलिमीटर, १/१.३ इंचीचं ७० च्या आसपास, १ इंचीचं ११६ आणि फोर थर्ड्‌सचं २२५. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या सेन्सरमध्ये आठ पटींचा फरक आहे. नाव '१ इंच' असलं तरी त्याची प्रत्यक्ष रुंदी १३.२ मिलिमीटरच असते, म्हणून नावापेक्षा मिलिमीटर पाहावेत. व्यावसायिक कामासाठी १/१.३ इंच ही किमान पायरी. १/२.३ इंची ड्रोनवर हात बसवायला हरकत नाही, पण दुपारच्या उन्हात किंवा संध्याकाळच्या उजेडात तो कमी पडतो.

मेगापिक्सेलवर भुलू नये. १/१.३ इंची सेन्सरवरचे ४८ मेगापिक्सेल हे क्वाड बायर रचनेचे असतात, म्हणजे शेजारच्या चार पिक्सेलांवर एकाच रंगाची गाळणी. त्याचं सहज उत्तर १२ मेगापिक्सेल, म्हणजे सुमारे ४०००×३००० पिक्सेल, आणि संकेतस्थळावरच्या जाहिरातीला ते भरपूर होतात. भरपूर उजेडात, मोठ्या छापील फलकासाठी किंवा नंतर कापून घ्यायच्या फोटोसाठी ४८ वापरावेत. संध्याकाळी १२ वर परत यावं.

दोन सोयी नसतील तर ड्रोन घेऊच नये. एक, रॉ फोटो, म्हणजे डीएनजी फाइल. प्राथमिक मॉडेलांत कधी कधी फक्त जेपीईजी मिळतं आणि त्यात जळालेलं आकाश परत येत नाही. दुसरी, एईबी, म्हणजे एकाच जागेवरून कमी-जास्त एक्स्पोजरचे लागोपाठ फोटो. इथे एक बारकावा आहे. डीजेआय या ड्रोन कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत दोन फ्रेममधला फरक फक्त ०.७ स्टॉप असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). त्यामुळे ३ फ्रेम घेतल्या तर दोन्ही बाजूंना ०.७ आणि ५ घेतल्या तर जेमतेम १.४ स्टॉप मिळतात. काळोखी पोर्च आणि ढगाळ-चमकदार आकाश यांना हे पुरत नाही. याच कंपनीच्या मिनी ४ प्रोसारख्या नव्या मॉडेलांत ७ फ्रेम घेता येतात, म्हणजे दोन्ही बाजूंना २ स्टॉप. जिथे ५ च मिळतात तिथे मॅन्युअल मोडवर जाऊन शटर बदलत शून्य, उणे २ आणि अधिक २ असे तीन रॉ फोटो हातानेच घ्यावेत. वारा शांत असेल तर ते नीट जुळतात.

लेन्स आणि अंतराचं गणित

बहुतेक ड्रोनची मुख्य लेन्स २४ मिलिमीटर समतुल्य (फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या मापात) असते, म्हणजे रुंद कोनाची. तिच्यासाठी एक सोपा हिशेब: चौकटीत मावणारी रुंदी म्हणजे अंतराच्या सुमारे १.४ पट, आणि उंची १.१ पटीला थोडी कमी. २० मीटर रुंदीच्या घराभोवती दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवायची तर १८ ते २० मीटर मागे जावं लागतं. तेवढी जागा नसेल, मागे शेजारची इमारत किंवा तारा असतील, तर कोपऱ्यातून तिरका फोटो किंवा दोन-तीन फोटो जोडून केलेला पॅनोरामा हाच उपाय.

७० मिलिमीटरची दुसरी लेन्स चैनीची वाटते, पण उंच इमारती आणि मोठ्या बंगल्यांच्या कामात ती लवकरच रोजची होते. तिच्या चौकटीत अंतराच्या सुमारे निम्मी रुंदी मावते. ४० मीटरवरून २० मीटरचं घर बरोबर बसतं आणि जवळून रुंद लेन्सने घेतल्यावर कोपरे ताणल्यासारखे दिसतात तसं होत नाही. शिवाय ड्रोन तारांपासून आणि लोकांच्या खिडक्यांपासून लांब राहतो. तिचा दुरुपयोगही होतो. लांबच्या लेन्सने मागचं तळं किंवा डोंगर घराला चिकटल्यासारखा दिसतो. घर पाहायला येणाऱ्याला प्रत्यक्षात ते दोन किलोमीटरवर सापडतं आणि त्याचा विश्वास जातो. परिसर दाखवणारा निदान एक फोटो २४ मिलिमीटरचा असावाच.

उभ्या रेषांचं काय? कॅमेरा खाली झुकवला की भिंती खालच्या दिशेला निमुळत्या होतात. दर्शनी बाजूचा मुख्य फोटो घेताना ड्रोन इमारतीच्या निम्म्या उंचीवर आणावा आणि गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी फिरती चौकट, शून्य अंशावर ठेवावा. एक मजली घराला ४-५ मीटर पुरतात. गच्ची आणि अंगण दाखवायचं असेल तर १५ ते ३० अंश झुकाव लागतोच. अशा वेळी चारी बाजूंनी १० ते १५ टक्के मोकळी जागा सोडावी, म्हणजे संगणकावर रेषा सरळ करताना छप्पर कापलं जात नाही.

मोकळ्या जमिनीसाठी सरळ खाली बघणारा फोटो लागतो. १२० मीटर ही अनेक देशांतली उंचीची मर्यादा. तिथून २४ मिलिमीटरच्या लेन्समध्ये सुमारे १७३ बाय १३० मीटर, म्हणजे साधारण साडेपाच एकर मावतात. त्याहून मोठी जमीन असेल तर फोटो जोडावे लागतात. अशा फोटोवर आखलेली हद्दीची रेषा ही मोजणी नव्हे. फोटोवर तसं स्पष्ट लिहावं. मोजमापाचा नकाशा करायचा तर ७० ते ८० टक्के एकमेकांवर येणारे फोटो, यांत्रिक शटर आणि जमिनीवरच्या खुणा लागतात. ते वेगळं काम आहे आणि त्याचे ड्रोनही वेगळे आहेत.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून काय दिसेल हे दाखवण्याची मागणी वारंवार येते. प्रत्येक मजल्याची उंची ३ मीटर धरली तर १२ व्या मजल्याची फरशी ३६ मीटरवर आणि उभ्या माणसाचे डोळे सुमारे ३७.५ मीटरवर. पडद्यावर दिसणारी उंची उड्डाणाच्या जागेपासूनची असते, जमिनीच्या चढ-उतारापासूनची नाही. ड्रोन ४ मीटर उंच पोडियमवरून उडवला असेल तर ३३.५ वर थांबा. हा आकडा हवेच्या दाबावरून काढलेला असतो, म्हणून एखाद-दोन मीटरची चूक गृहीत धरा आणि बांधकामाच्या आराखड्यातली खरी मजला-उंची मागून घ्या.

अडथळे ओळखणारे सेन्सर

हे काम अडचणीच्या जागेत चालतं, म्हणून मागे आणि बाजूला बघणारे सेन्सर इथे खरोखर वाचवतात. घर चौकटीत बसवताना आपण पडद्याकडे बघत ड्रोन मागे-मागे नेतो, आणि तो मागच्या झाडात जातो. बाजूने सरकत घेतलेल्या शॉटचंही तसंच. फक्त खाली बघणारे सेन्सर असलेला ड्रोन, जसा मिनी ३, चांगले फोटो देतो, पण उडवणाऱ्याचा हात तयार हवा आणि शेजारी नजर ठेवणारा दुसरा माणूस हवा. चारी बाजूंनी बघणाऱ्या मॉडेलांत मिनी ४ प्रो, एअर ३, एअर ३एस आणि मॅव्हिक ३ मालिका येतात.

सेन्सर आहेत म्हणून निर्धास्त होऊ नये. विजेच्या आणि केबलच्या बारीक तारा, पानं गळालेल्या फांद्या, काच आणि गुळगुळीत पांढरी भिंत त्यांना नीट दिसत नाही. अंधार पडला की कॅमेऱ्यावर चालणारे सेन्सर निकामी होतात. एअर ३एसला पुढच्या बाजूला लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर आहे, त्यामुळे कमी उजेडात समोरचा अडथळा त्याला कळतो. मागचा आणि बाजूचा तेव्हाही तुम्हीच पाहायचा. स्पोर्ट मोड लावला की अडथळे टाळणं बंद होतं, म्हणून या कामात त्या बटणाला हातच लावू नये.

पोहण्याच्या तलावावर ३ मीटरच्या खाली तरंगू नका, हलत्या पाण्यावर खालचे सेन्सर फसतात आणि ड्रोन सरकतो किंवा हळूहळू खाली बसतो. लोखंडी सळयांच्या स्लॅबवरून किंवा गाडीच्या टपावरून उडवल्यास होकायंत्र बिघडू शकतं. मातीची मोकळी जागा बघा किंवा लाकडी टेबल वापरा. आणि परतीची उंची, म्हणजे रिटर्न टू होम, जवळच्या सर्वांत उंच गोष्टीपेक्षा किमान १० मीटर जास्त लावा. ड्रोन बाल्कनीच्या छताखाली किंवा झाडाखाली असताना संपर्क तुटला तर तो आधी सरळ वर जायला बघेल, म्हणून अशा जागी संपर्क तुटल्यावर 'जागेवर थांब' हा पर्याय निवडावा.

व्हिडिओ

घराच्या व्हिडिओला ४के, सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम आणि १०-बिट रंग एवढं पुरतं. १०-बिटचा फायदा निळ्या आकाशात दिसतो. ८-बिटमध्ये रंग सुधारताना तिथे पट्टे उमटतात. तीन अक्षांचा यांत्रिक गिंबल हवाच. केवळ इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणावर चालणारे स्वस्त ड्रोन हळू शॉटमध्ये थरथरतात.

एफ/१.७ छिद्र (लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक; आकडा लहान तितकं ते मोठं) पक्कं असलेल्या ड्रोनमध्ये भर उन्हात शटर १/८००० च्या आसपास जातं. २५ फ्रेमसाठी १/५० हवं असेल तर ७ ते ८ स्टॉप कमी करावे लागतात, म्हणजे एनडी १२८ किंवा २५६. एफ/२.८ ला एनडी ६४ भागतो. मॅव्हिक ३ सारख्या ड्रोनचं छिद्र एफ/११ पर्यंत लहान करता येतं, पण तिथे चित्र मऊ पडतं. एफ/४ ते ५.६ मध्ये ठेवून उरलेलं फिल्टरने करावं. हळू सरकणाऱ्या शॉटमध्ये जलद शटरचा त्रास तसा थोडाच जाणवतो, तेव्हा सुरुवातीला एनडीवरून झोप उडवून घेऊ नये. फोटो काढताना मात्र फिल्टर काढून ठेवावा.

आतल्या खोल्यांमधून फिरणारा एकसलग व्हिडिओ हवा असेल तर वर सांगितलेल्यांपैकी एकही ड्रोन योग्य नाही. त्याला पंख्यांभोवती कडी असलेला एफपीव्ही ड्रोन, म्हणजे डोळ्यांवर गॉगल लावून ड्रोनच्या नजरेतून उडवायचा ड्रोन लागतो, जसा ३७७ ग्रॅमचा अवाटा २, आणि सरावाचे महिने लागतात. खोल्यांचे फोटो तर ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यानेच घ्यावेत.

एक सोय आवर्जून मागावी: वेपॉइंट. एकदा आखलेला मार्ग ड्रोन पुन्हा तसाच उडतो. दर महिन्याला बांधकामाची प्रगती दाखवायची असेल, किंवा एकच शॉट दुपारी आणि दिवे लागल्यावर घेऊन जोडायचा असेल, तर याला पर्याय नाही.

वारा आणि बॅटरी

२४९ ग्रॅमचा डीजेआय मिनी ४ प्रो सेकंदाला १०.७ मीटर आणि एअर किंवा मॅव्हिक १२ मीटर वाऱ्यापर्यंत चालतात असं कंपनी सांगते. टिकून राहणं आणि फोटो जुळणं यात अंतर आहे. इमारतीच्या वाऱ्याआडच्या बाजूला भोवरे असतात आणि हलका ड्रोन तिथे हेलकावतो. एईबीच्या फ्रेम सरकतात आणि संध्याकाळचा लांब शटरचा फोटो हलतो. उंच इमारती आणि समुद्रकिनाऱ्याचं काम जास्त असेल तर ७०० ग्रॅमच्या पुढचा ड्रोन घ्यावा.

छापलेल्या उड्डाणवेळेच्या ६० ते ७० टक्के वेळ हाताशी आहे असं धरा. ३४ मिनिटं लिहिली असतील तर २० ते २३, कारण २५ टक्के चार्ज उरताच उतरायचं असतं. एका घराला १२ ते १५ मिनिटं उड्डाण पुरतं, तरी तीन बॅटऱ्यांचा संच घ्यावा. संध्याकाळचा चांगला उजेड सूर्यास्तानंतर जेमतेम वीसएक मिनिटं टिकतो आणि तेव्हा चार्जिंगला वेळ नसतो. आठवडाभर काम नसेल तर बॅटऱ्या ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा उडवू नका.

रिमोट आणि कार्ड

पडदा असलेला रिमोट घ्या. फोन उन्हात तापतो, मंद होतो आणि नेमका शॉट चालू असताना वाजतो. डीजेआयच्या आरसी २ या रिमोटचा पडदा ७०० निट्सचा (निट्स म्हणजे पडद्याच्या उजळपणाचं माप) आहे, सावलीत उभं राहिलं की पुरतो. मेमरी कार्ड व्ही३० या वेगाच्या दर्जाचं, १२८ जीबी. सेकंदाला १५० मेगाबिटने १० मिनिटांचा व्हिडिओ सुमारे ११ जीबी होतो. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम कार्डं बरी, एक बिघडलं तरी दिवस वाया जात नाही.

मग घ्यायचा कोणता

लहान घरं आणि फ्लॅट, काम नवं, नियम हलक्या गटाला अनुकूल: मिनी ४ प्रो. १/१.३ इंची सेन्सर, चारी बाजूंचे सेन्सर, उभे फोटो आणि वेपॉइंट, सगळं २४९ ग्रॅममध्ये. त्याच वजनात १ इंची सेन्सर हवा असेल तर मिनी ५ प्रो आहे. पण त्याचं छापील वजनच २४९.९ ग्रॅम आहे, तेव्हा काट्याची सूचना इथे दुप्पट लागू.

नियमित व्यावसायिक कामाला आमची पहिली शिफारस एअर ३एसची: ७२४ ग्रॅम, १ इंची मुख्य कॅमेरा आणि ७० मिलिमीटरची दुसरी लेन्स. वारा, उजेड आणि अंतर या तिन्ही अडचणी तो एकत्र सोडवतो. मोठे प्रकल्प, छापील फलक आणि संध्याकाळचं काम रोजचं असेल तरच फोर थर्ड्‌स सेन्सरच्या मॅव्हिक ३ प्रो किंवा मॅव्हिक ४ प्रोकडे जावं. मॅव्हिक ४ प्रोचं वजन १ किलोच्या वर जातं, ते तुमच्या परवान्याच्या गटात बसतं का ते आधी पाहा. दोघांमध्ये अडकलात तर लहान ड्रोन आणि जास्तीच्या दोन बॅटऱ्या घ्या.

घेतल्या दिवशी काय तपासावं

परत करण्याची मुदत संपण्याआधी, वारा नसलेल्या सकाळी, मोकळ्या मैदानात हे करा. पुरेसे उपग्रह मिळून घरचा बिंदू नोंदला गेला की ५ मीटरवर २ मिनिटं हात न लावता थांबवा. तो अर्ध्या मीटरच्या आत राहिला पाहिजे. लांबच्या सरळ छपराकडे तोंड करून क्षितिज तिरकं दिसतं का पाहा. दिसलं तर सपाट जागेवर गिंबल कॅलिब्रेट करा. विटांच्या भिंतीचा ८-१० मीटरवरून समोरासमोर फोटो घ्या आणि चारी कोपरे पूर्ण मोठे करून बघा. एकच कोपरा धूसर असेल तर लेन्स तिरकी बसली आहे, ड्रोन बदलून मागा. सूर्याच्या विरुद्ध दिशेला एईबीचा संच घेऊन फ्रेम जुळवून पाहा. शेवटी व्हिडिओ चालू ठेवून एका बाजूला हळू सरकवा. चित्रात जेलीसारखी लहर दिसली तर पंख्याच्या कडा तपासा, एखादा टवका उडालेला असतो.

वापरलेला ड्रोन घेत असाल तर हेच सगळं विक्रेत्यासमोर करा, आणि वर तीन गोष्टी पाहा. ॲपमध्ये प्रत्येक बॅटरीची चार्जिंग आवर्तनं किती झाली आहेत. हातांच्या सांध्यांवर आणि गिंबलच्या रबरी आधारांवर ओरखडे किंवा नवा डिंक आहे का. आणि जुन्या मालकाच्या खात्यातून ड्रोन मोकळा झाला आहे का. पैसे देण्याआधी तो तुमच्या खात्याला जोडून एकदा उडवून पाहा, कारण जुन्या खात्याला बांधलेला ड्रोन मूळ मालकाने सोडवल्याशिवाय तुमच्या खात्यावर चालू होत नाही.